जिप्सीला कुठलं तेल घालू?

गेल्या रविवारी सकाळचा चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. तो नोकरीला पुण्याला असतो, पण दादा गेल्यापासून महिन्या-दीड महिन्याने काटोलला बागेत चक्कर मारतो. फोन तिथूनच होता.

"काका, जिप्सीचं सर्व्हिसिंग करून घेतोय. तेल कुठलं घालू?"

त्यानं पुण्याहून येताना स्वतःच्या नव्या गाडीत घालतात ते भारीचं सिंथेटिक तेल आणलं होतं, ०डब्ल्यू-२०. काटोलच्या मिस्त्रीनं डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं पाण्यावानी पातळ हाय. जुन्या गाडीत काऊन टाकता? आपलं वीस-पन्नास टाका न् बिनधास्त राहा." पुतण्या म्हणाला, "काका, मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "कुणाचंच नको. संध्याकाळी सांगतो." आणि संध्याकाळी जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतोय. घरातली बाकीची मंडळीही हे वाचतात आणि जुनी गाडी सांभाळणारे तुमच्यापैकी आणखी दोघं-तिघं आहेत हे मला ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला इंजिनातलं काय कळतं? बरोबर आहे. माझी पात्रता एवढीच की एक चांगलं इंजिन मी स्वतःच्या हातानं घालवलं आहे.

आमची जिप्सी १९९७ ची, 'किंग'. नव्या पिढीसाठी थोडा इतिहास सांगतो (सवय जात नाही!). मारुतीनं जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आणली, तेव्हा तिला ९७० सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली, पाच गिअरची. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि ताकद साठावरून ऐंशी अश्वशक्तीवर गेली. सुरक्षिततेचे आणि प्रदूषणाचे नियम बदलले तशी २०१८-१९ च्या सुमाराला गाडी बंद झाली. आपल्याकडे पेंचला, ताडोब्याला वाघ बघायला गेलेल्या प्रत्येकाचा जिप्सीशी संबंध आलेला आहे.

आम्ही ती २००३ मध्ये जुनी घेतली ती वाघासाठी नव्हे, संत्र्यासाठी. बागेपर्यंतचा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की बैलगाडीसुद्धा नको म्हणते. तिथं चारही चाकं ओढणारी गाडीच लागते. दादा बाग बघायचा, मी शाळा सांभाळून शनिवार-रविवार जायचो.

२००७ च्या आसपास गाडी सकाळी सुरू करताना निळा धूर टाकू लागली. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, हे तेव्हाही कळत होतं. शहरातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "सर, इंजिन खोलायचं म्हटलं तर खर्च आहे. त्यापेक्षा जाड तेल टाकू आणि वर ही एक बाटली." जाड तेल टाकलं, ती बाटलीही ओतली. आणि काय सांगू, आठ दिवसांत धूर गायब, टॅपेटचा आवाज कमी, इंजिन शांत. मला इतका आनंद झाला की शिक्षक-खोलीत चार जणांना सांगितलं. एवढ्या स्वस्तात काम झालं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दोन वर्षं तशीच गेली. २००९ मध्ये मी निवृत्त झालो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी बागेतच होतो. रात्री आठच्या सुमाराला दादाच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. बाहेर धो धो पाऊस. दादाला मागच्या सीटवर निजवलं, वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ते दोन किलोमीटर लो गिअरमध्ये काढायला पाऊण तास लागला. चिखलात गाडी चालते माणसाच्या पावलांनी आणि इंजिन मात्र ओरडत असतं. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा हायसं वाटलं. पण कळमेश्वरच्या जवळ तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

लाल दिव्याचा अर्थ मला माहीत होता. इंजिन ताबडतोब बंद करायचं. मी गाडीचा वेग कमी केला तर वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊजी, थांबू नका." नाही थांबलो. फेटरी गेलं तोवर दिवा कायमचा लागला होता. गोरेवाड्याच्या अलीकडे खालून टकटक सुरू झाली, तिची ठकठक झाली. रुग्णालयाच्या दारात गाडी पोचली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झालीच नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दादा त्यानंतर बारा वर्षं जगला, त्यानं नातवंडं पाहिली, संत्र्याचे आणखी कितीतरी बहार काढले. गाडीचं काय झालं ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. मिस्त्रीनं खालचा नट काढला तर जेमतेम दीड लिटर तेल पडलं, डांबरासारखं. असायला हवं होतं साडेतीन लिटरच्या वर. बेअरिंगं गेलेली, क्रँकला चरे.

इथं नीट समजून घ्या. तेल जाड होतं म्हणून इंजिन गेलं नाही. धूर दिसेनासा झाला म्हणून मी कांडी काढून बघणं सोडलं, म्हणून ते गेलं. इंजिन तेल आधीसारखंच खात होतं, फक्त मला सांगायचं बंद झालं होतं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर जाड तेल म्हणजे ग्रेस मार्क. पोरगा पास होतो, घरी पेढे वाटले जातात, गणित मात्र त्याला पहिल्याइतकंच येत नसतं. त्या रात्री इंजिन वीस किलोमीटर आधी थांबलं असतं तर? हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं वहिनींसमोर काढलेला नाही.

म्हणून काटोलच्या मिस्त्रीचं 'जाड ते चांगलं' मला पटत नाही. पण मग पुण्याचं 'महाग ते चांगलं' पटतं का? तेही नाही. डब्यावरचे आकडे काय म्हणतात ते आधी बघू.

२०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पुष्कळ लोक त्याला 'वेट' म्हणजे वजन समजतात, मीही समजत होतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहतं ते सांगतो, आकडा लहान तेवढं थंडीत वाहतं. थंड इंजिन फिरवण्याची जी चाचणी असते ती २०डब्ल्यूला उणे १५ अंशावर घेतात, १५डब्ल्यूला उणे २० वर, १० ला उणे २५, ५ ला उणे ३० आणि ०डब्ल्यूला उणे ३५ वर. आता आपलं नागपूर बघा. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथं पारा ३.५ अंशावर उतरला तेव्हा आपण सगळे शेकोटीला बसलो होतो, पण तो शून्याच्या वरच होता. तेव्हा उणे पस्तीसची तयारी काटोलच्या जिप्सीला कशाला? लडाखला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तरीही पहिला आकडा अगदीच बिनकामाचा नाही. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सकाळी चावी फिरवली की ते वर रॉकरपर्यंत चढायला काही क्षण लागतात आणि इंजिनाची बरीच झीज त्या कोरड्या क्षणांत होते. तेल थंडपणी जितकं दाट, तितकं ते उशिरा चढतं. म्हणून २० पेक्षा १५ किंवा १० बरा.

दुसरा आकडा तेल शंभर अंशाला तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो. सेंटिस्टोक नावाच्या मापात २० नंबरचं तेल ६.९ ते ९.३ मध्ये, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ मध्ये बसतं. म्हणजे तापल्यावर पुतण्याच्या डब्यातल्या तेलापेक्षा मिस्त्रीचं तेल दुपटीहून जास्त दाट! दोघं एकाच गाडीविषयी बोलत होते, हे विशेष.

पातळ तेल वाईट असतं का? मुळीच नाही. पुतण्याच्या नव्या गाडीचं इंजिन त्याच तेलासाठी बनवलेलं आहे. तिथं बेअरिंगमधली फट बारीक, तेलाचा पंप त्या हिशेबाचा, आणि पातळ तेलानं पेट्रोलही थोडं वाचतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या जिप्सीत त्या फटी मुळातच वेगळ्या हिशेबाच्या, त्यात झिजून वाढलेल्या. तेल तापून फार पातळ झालं की फटीतून चटकन निसटतं आणि दाब पडतो. त्यात आपला मे महिना. २०१३ च्या मे मध्ये नागपुरानं ४७.९ अंश पाहिले आहेत. महामार्गावर वारा लागून इंजिन निवतं, पण चढावर नाहीतर नांगरलेल्या रानात लो गिअरमध्ये वारा नाही आणि फेरे मात्र भरपूर. चारचाकी ओढणीच्या गाडीला तेलाची खरी परीक्षा तिथं द्यावी लागते.

एक गैरसमज मात्र खोडायला हवा. 'सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळते' असं सगळेच म्हणतात. गळती बहुतेक वेळा सील कडक झाल्यामुळे असते. पातळ तेल ती उघडी पाडतं इतकंच. इंजिन धडधाकट असेल आणि दाटपणा योग्य असेल तर सिंथेटिक जरूर घाला. पण जे इंजिन दर महिन्याला पाव-अर्धा लिटर जाळून टाकतं त्यात महागडं तेल ओतणं म्हणजे गळक्या माठात केशराचं दूध. आधी माठ बघा.

डब्यावर आणखी एक गोष्ट असते, ती आपण वाचतच नाही. एपीआयची अक्षरं. पेट्रोल इंजिनाच्या तेलाला 'एस'नं सुरू होणारी जोडी असते आणि दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं तितका दर्जा नवा. आमची गाडी बनली तेव्हा एसजे नवं होतं. २००१ मध्ये एसएल आलं, २००४ मध्ये एसएम, २०१० मध्ये एसएन, २०२० मध्ये एसपी आणि २०२५ मध्ये एसक्यू. डिझेलच्या तेलाची जोडी 'सी'नं सुरू होते. काही डब्यांवर दोन्ही असतात, त्यातली एसची जोडी बघायची. जुनी गाडी म्हणून जुन्या अक्षराचं स्वस्त तेल घ्यायचं कारण नाही.

जुन्या गाड्यांचे जाणकार यावर एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. झीज थांबवायला तेलात जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून २००४ पासून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. पण ती मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांना आहे. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. कुणाकडे साठ-सत्तरच्या दशकातली पेट्रोल जीप असेल, सपाट टॅपेटची, त्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. पातळ तेल न घालण्याचं हे दुसरं कारण.

आता माझं मत सांगतो. कुठलं तेल हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, इंजिन तेल खातं किती? तेल बदलल्यावर वरच्या खुणेपर्यंत भरा. हजार किलोमीटर चालवा. गाडी सपाट जागेवर उभी करा (शेताच्या बांधावर नको, चारचाकी ओढणीवाले हमखास ही चूक करतात), इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, कांडी पुसून पुन्हा बुडवा आणि पाहा. खाली गेलेलं तेल भरताना मोजा आणि वहीत लिहा. पाव लिटरच्या आत असेल तर या वयात मी त्याला निरोगी म्हणतो. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर डब्याचं दुकान सोडा आणि मिस्त्रीकडे जा. रिंगा असतील, व्हॉल्व्हचे सील असतील, नुसतंच गळत असेल. सील बदलायचा खर्च इंजिन बांधण्याच्या मानानं किरकोळ असतो, हे मी पावतीसह सांगू शकतो.

किलोमीटरपेक्षा कॅलेंडर बघा, ही दुसरी गोष्ट. आमची जिप्सी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालत नाही. 'अजून पाच हजार कुठं झाले' म्हणून तेल दोन-दोन वर्षं ठेवायचा मोह होतो. पण उभ्या गाडीतलं तेलही बिघडतं. थोडंसं चालवून बंद केलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीकडे जास्तच लक्ष हवं. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की समजा, ओल शिरली आहे. मग गाडी अर्धा-पाऊण तास लांब चालवून आणा आणि साय पुन्हा दिसली तर रेडिएटरचं पाणी कमी होतंय का तेही बघा.

तिसरी गोष्ट, तेल पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या दुकानातून सीलबंद घ्या, आणि रिकामा झालेला डबा भोक पाडून मगच भंगारात द्या. चांगल्या नावाचा रिकामा डबा पुन्हा भरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. जळकं तेल नाल्यात ओतू नका, गॅरेजवाल्याच्या पिंपात जाऊ द्या.

आणि जिप्सीसारख्या गाडीत इंजिनाखेरीज चार ठिकाणी तेल असतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल आणि मागचं. ओढ्यातून गाडी काढली की तिथंही पाणी शिरू शकतं. ती बघायला मिस्त्रीला मुद्दाम सांगावं लागतं, आपणहून कुणी बघत नाही. गिअरबॉक्समध्ये पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच तेल घाला. डिफरन्शियलचं जीएल-५ तेल 'एकच डबा सगळीकडे' म्हणून तिथं ओतलं तर आतल्या पितळी रिंगांना ते बाधू शकतं.

तर संध्याकाळी मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, "२००९ नंतर इंजिन नवं बांधलंय, तेव्हा मिस्त्रीच्या वीस-पन्नासची सध्या गरज नाही. तुझं पातळ तेल तुझ्याच गाडीला ठेव. १५डब्ल्यू-४० घे, एसएन किंवा त्याच्या पुढचं, साधं मिनरल चालेल. फिल्टर नवा. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात दादाची एक वही असेल, ती काढ."

तो म्हणाला, "मिळाली. हे काय लिहिलंय? तारीख, किलोमीटर, आणि पुढे पाव, पाव, दीड पाव..."

त्या ऑगस्टनंतर दादा दर महिन्याला स्वतः कांडी बघायचा आणि वहीत लिहायचा. मला एका शब्दानं बोलला नाही कधी. नुसतं लिहायचा. शेवटची नोंद २०२१ ची आहे.

मागच्या वर्षी हाच पुतण्या म्हणत होता, काका, विकून टाकू ती जिप्सी, कोण सांभाळणार. मी काही बोललो नव्हतो. ज्याला गाडी विकायची असते तो तेल कुठलं घालू म्हणून विचारत नाही, एवढं मला कळतं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "काका, वहीत पुढची पानं कोरी आहेत."

म्हटलं, "मग लिही."

तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी असेल तर एक सुचवतो. आपण खंडेनवमीला गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पावसाळा तेव्हा नुकताच संपलेला असतो, तेल बदलायला त्याहून चांगला मुहूर्त नाही. हार अवश्य घाला, पण त्याआधी बॉनेट उघडून कांडी बघा.